विषय : नाचणीच्या हंगामाबाबत

मयेकरबाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की माझं डोकं अजून तापतं, त्यामुळे इथे काही हळवं वाचायला मिळेल अशी कुणाची समजूत असेल तर ती आधीच काढून टाकते. बाई स्वतः हळव्या नव्हत्या. कुणी एखाद्या पाखराकडे बघून "कित्ती क्यूट!" म्हटलं की त्यांच्या कपाळावर दोन आठ्या पडायच्या आणि समोरच्याला उत्तर मिळायचं, "क्यूट काय? भांडतेय ती. जरा नीट बघा तरी."

नीट बघणं हा बाईंचा पोटापाण्याचा धंदा होता. वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कारखान्यात त्या पॅकिंगला सुपरवायझर होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली लागले होते. गोळ्यांच्या पट्ट्या मशीनच्या सरकत्या पट्ट्यावरून सरसर पुढे जायच्या. आम्ही सहाजणी दोन्ही बाजूंनी डोळे फाडून बसायचो, आणि बाई लांबून, उभ्यानं, चहाचा कप हातात धरून म्हणायच्या, "सुमन, तुझ्यासमोरून गेली ती. तिसऱ्या घरातली गोळी." पट्टा थांबवून पाहावं तर तिसऱ्या घरातल्या गोळीचा कोपरा खरंच उडालेला असायचा.

एकदा अशाच एका गोळीसाठी त्यांनी पट्टा बंद केला, तेव्हा नवे मॅनेजर तणतणत आले. "एका गोळीसाठी लाइन थांबवलीत?"

"साहेब," बाई म्हणाल्या, "ती गोळी खाणारासुद्धा एकच असणार. त्याला कसं सांगू, की बाकीच्या चांगल्या होत्या म्हणून?"

मॅनेजर परत गेले. आम्ही सहाजणी खाली माना घालून हसत होतो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो प्रश्न खरोखरच विचारला होता.

कारखाना बंद झाला. बंद व्हायचाच होता. तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्या दारात प्लॅस्टिकची झाडं ठेवली आहेत. मी लग्नानंतर माजिवड्याला ज्या सोसायटीत राहायला आले, त्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावर बाईंची खोली निघाली. एकट्याच राहायच्या. खोली मागच्या बाजूची, म्हणून तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. पुढून हायवेचा वारा नाही, कुणाची ये-जा दिसत नाही. खिडकी उघडली की समोर कंपाउंडची भिंत, आणि भिंत आणि नाला यांच्यामधली झाडी. करंज, भोकर, दोन शिरीष, एक मोठं उंबर आणि त्यांच्याखाली नाव नसलेलं खूप काही. लोक त्या बाजूला "मागची घाण" म्हणायचे. बाई "मागचं रान" म्हणायच्या. हा फरक पुढे फार महागात पडला.

बाईंना पक्ष्यांचा शौक होता असं मी म्हणणार नाही. शौक म्हणजे टोप्या, खिशांची जाकिटं आणि तोफेएवढे कॅमेरे. बाईंकडे नायलॉनची साडी, रबरी चप्पल आणि बाराही महिने काखेत असलेली काळी छत्री एवढंच होतं. छत्री पावसासाठी नव्हती, बोट दाखवण्यासाठी होती. हात वर केला की पाखरू उडतं, छत्रीचं टोक हळूच उचललं की उडत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि पक्षीसुद्धा सगळे नाहीत. त्यांनी एकच धरला होता. नाचण.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. चिमणीएवढाच जीव, रंग धुरकट काळा, डोळ्यावर पांढरी भुवई, गळा पांढरा, आणि शेपटी अशी की मोरानं लहानपणी वापरून टाकून दिली असावी. सावलीतल्या झाडीत राहते, उन्हात फारशी येत नाही. एका जागी दोन क्षण बसली तर शपथ. पंख पाडून, शेपटीचा पंखा उघडून ती फांदीवर डावीकडे वळते, उजवीकडे वळते, पंखा मिटते, हवेत एक गिरकी घेते आणि परत त्याच फांदीवर. मध्येच कुणी शिट्टीवर गाणं म्हणत जिना चढावं तशी पाच-सहा सुरांची शीळ घालते.

पहिल्यांदा बाईंनी मला ती दाखवली तेव्हा मी सहज म्हटलं, "काय छान नाचते हो!"

"नाचत नाहीये ती," बाई म्हणाल्या. "शेपटी उघडली की पानाखालचं चिलट दचकून उडतं. उडालं की ही धरते. दिवसभर चाललंय तिचं, सकाळपासून. बाई काम करत असली की लोकांना ती नाचतेच वाटते."

हे वाक्य त्यांनी पाखराबद्दल म्हटलं की आम्हा पॅकिंगवाल्यांबद्दल, हे मी विचारलं नाही.

नाचणीचा आणि बाईंचा स्वभाव एकाच पट्ट्यावर पॅक झालेला होता. घरट्याच्या आसपास कावळा आला, की ही एवढीशी नाचण "चक् चक्" करत थेट त्याच्या डोक्यावर जाते. कावळा तिच्या कितीतरी पट मोठा, पण मान खाली घालून निघून जातो. मांजराला तर ती भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचवून येते. हे बघताना बाईंचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. "घाल, घाल त्याच्या टाळक्यात!" असं त्या दबक्या आवाजात म्हणायच्या. खालून जाणाऱ्या लोकांना वाटायचं, बाई टीव्हीवर मॅच बघतायत.

एका रविवारी असाच एक जाकीटवाला आला. वॉचमनच्या ओळखीनं मागच्या बाजूला घुसला, मोबाइलवर नाचणीची शीळ लावली आणि कॅमेरा रोखून बसला. आपल्या हद्दीत दुसरी कुणी ओरडतेय म्हणून खरी नाचण पिसाळल्यासारखी त्याच्याभोवती फिरू लागली. बाई छत्री घेऊन खाली उतरल्या.

"किती वेळ चाललंय हे?"

"फक्त वीस मिनिटं, आंटी. मस्त रिस्पॉन्स देतेय."

"तुमच्या दारात उभं राहून कुणी वीस मिनिटं तुमच्या नावानं शिव्या दिल्या, तर तुम्ही जेवाल?"

"सॉरी?"

"जेवाल का, विचारतेय. तिनं वीस मिनिटांत एक चिलट खाल्लेलं नाही. बंद करा ते."

त्यानं बंद केलं. फोटो कुठेतरी टाकला असणारच, आणि खाली शंभर जणांनी "क्यूट" लिहिलं असणार. मला त्या शंभर जणांचाही राग येतो.

मग कोळिष्टकांचं प्रकरण झालं. नाचण घरटं बांधते ते बारीक गवताचं आणि तंतूंचं, पेल्याच्या आकाराचं, आणि बाहेरून सगळं कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपते. जाळी नसेल तर घरटं धरत नाही. ही जाळी आमची नाचण कुठून नेते, हे बाईंनी शोधून काढलं. मागच्या जिन्याच्या जाळीदार खिडकीतून. झालं! बाईंनी झाडणाऱ्या मावशींना सांगून टाकलं की मार्चपासून जूनपर्यंत मागच्या जिन्यात झाडू छताला लावायचा नाही. दोन महिन्यांत जिना असा झाला की पाहुणे पुढच्या जिन्यानं यायला लागले. कमिटीनं बाईंना नोटीस दिली : "सामाईक जागेत कोळी पाळल्याबद्दल." हे शब्द आमचे सेक्रेटरी पाठारे यांचे. बाईंनी नोटिशीवर लाल पेनानं उत्तर लिहून पाठवलं : "पाळलेले नाहीत. ते आधीपासून राहतात. सभासदत्वाचं बघा."

पाठारे वाईट माणूस होते का? मी हा विचार खूप केला आहे. गणपतीत सगळ्यात जास्त राबणारे तेच. कुणाला हॉस्पिटलात न्यायचं तर गाडी त्यांचीच पहिली निघायची. पण त्यांच्या डोक्यात पार्किंग होतं. मागच्या बाजूला भिंतीलगत पेव्हर ब्लॉक घालून बारा गाड्या बसवायच्या, हे त्यांचं स्वप्न होतं, आणि स्वप्नाच्या आड झाडी येत होती. झाड तोडायची परवानगी सहजासहजी मिळत नाही, म्हणून त्यांनी "पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्यांची छाटणी" मंजूर करून आणली. आपल्याकडे छाटणी म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. झाडाचा खांब करून ठेवतात.

तो मे महिना होता. भिंतीवर झुकलेल्या करंजाच्या एका फांदीला, माणसाच्या डोक्याच्या थोडं वर, नाचणीनं घरटं केलं होतं. तीन अंडी. नर आणि मादी आळीपाळीनं बसत होते. बाईंनी खिडकीशेजारच्या कॅलेंडरवर खुणा करायला सुरुवात केली. अंडी फुटायला तेरा दिवस, पिल्लं उडायला आणखी तेरा. सव्वीस दिवस. "सव्वीस दिवस थांबा आणि मग काय हवं ते कापा, मी अडवणार नाही," असं त्यांनी पाठाऱ्यांना जाऊन सांगितलं. बाईंच्या तोंडून एवढी मवाळ भाषा मी कधी ऐकली नव्हती.

"मॅडम, ऑर्डर माझ्या हातात नाही," पाठारे म्हणाले. "छाटणी थांबवायची तर ऑर्डर देणाऱ्या ऑफिसकडून लिहून आणा."

म्हणून बाईंनी अर्ज केला. ऑफिस कुठलं ते सांगत नाही. अशा सगळ्या ऑफिसांतल्या खुर्च्या सारख्याच असतात. अर्ज बाईंनी हातानं लिहिला आणि मी टाइप केला. विषय त्यांनी असा लिहिला होता : "नाचणीच्या हंगामात झाडांची छाटणी थांबवण्याबाबत."

माझं बोट तिथे अडलं. "बाई, 'नाचण पक्ष्याच्या' असं करूया का? नाहीतर भाकरीची नाचणी वाटेल."

"का वाटेल? भिंत, भिंतीचं. मालकीण, मालकिणीचं. नाचण, नाचणीचं. कावळ्याबद्दल लिहिताना 'कावळा पक्ष्याचे' लिहितेस का तू?"

"तसं नाही, पण—"

"खाली लिहिलंय सगळं. चिमणीएवढा पक्षी, घरटं कुठे, अंडी किती, दिवस किती. माणसं वाचतील की."

माणसं वाचतील. पॅकिंगमध्ये एवढी वर्षं काढलेल्या बाईंचा माणसांवर इतका भरवसा होता, याचं मला अजून नवल वाटतं. बाई बरोबर होत्या, हे तर आणखीच चीड आणणारं आहे. व्याकरण शंभर टक्के बरोबर. अर्जात एक चूक काढून दाखवावी.

अठराव्या दिवशी उत्तर आलं. तोपर्यंत पिल्लं बाहेर येऊन पाच दिवस झाले होते. ते उत्तर माझ्याजवळ अजून आहे, म्हणून शब्दशः देते : "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर ठिकाणी स्थळपाहणी केली असता नाचणीचे पीक आढळून आले नाही. तसेच नाचणी हे खरीप पीक असल्याने सध्या तिचा हंगाम नाही. पिकासंबंधी अधिक माहितीसाठी कृषी कार्यालयाशी संपर्क साधावा. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माजिवड्याला, हायवेपासून दहा मिनिटांवर, नाल्याच्या काठी, बारा गाड्यांच्या जागेत नाचणीचं शेत! आणि ते बघायला म्हणे कुणी येऊन गेलं! येऊन, उभं राहून, इकडे तिकडे कणसं शोधून गेलं असेल तर डोक्यावरचं घरटं त्याला दिसलं नाही. आणि आलंच नसेल, तर शाई वाळायच्या आत इतकं ठाम खोटं लिहिता येतं. दोन्हीत लाज जास्त कशाची वाटावी, हे मला ठरवता येत नाही. त्या माणसानं विषयाच्या ओळीखाली नजर नेलीच नव्हती. एक ओळ खाली. बाई लांबून सरकत्या पट्टीवरची तुटकी गोळी बघायच्या, आणि याला टेबलावर पडलेल्या कागदाची दुसरी ओळ दिसली नाही.

मला वाटलं बाई भडकतील. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पदरानं पुसला.

"व्याकरण बरोबर आहे मेल्यांचं," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी कापणारे आले. टेम्पो, दोर, तीन माणसं. उंबर गेलं, भोकर गेलं, शिरीष बोडके झाले. नाचणीची जोडी "चक् चक्" करत करवतीवर धावून जात होती आणि बाई छत्री आडवी धरून करंजाखाली उभ्या होत्या. कापणाऱ्यांतला एक येऊरकडच्या पाड्यावरचा होता. त्यानं वर पाहिलं आणि दोर खाली सोडला.

"पोरं हायत का आत?"

"तीन. सात दिवसांची. आणखी सहा दिवस लागतील."

"मग ही फांदी ऱ्हाऊ दे, आजी. बाकीचं नेतो. सहा दिसांनी येतो परत."

अर्ज न वाचता, स्थळपाहणीचा शेरा न मारता, त्या माणसाला एका नजरेत सगळं कळलं. बाईंनी त्याला वर नेऊन चहा पाजला, आणि त्या कुणाला सहसा चहा पाजत नसत.

तर उभ्या सोललेल्या झाडांच्या मधोमध ती एकच हिरवी फांदी राहिली. नाचणीचं येणं-जाणं पुन्हा सुरू झालं. पाखरानं तरी आपला भरवसा सोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी ते उत्तर आणि मूळ अर्ज पिशवीत घातला. "त्या खुर्चीला जाऊन समजावून येते," म्हणाल्या. "तू लक्ष ठेव गो. चार वाजेपर्यंत येते."

मी लक्ष ठेवलं. बारा वाजेपर्यंत बाल्कनीतून हलले नाही. मग कुकर लावला. तेवढ्यात खालून करवतीचा आवाज आला. धावत आले तर पाठारे खाली उभे, आणि कुठूनसा धरून आणलेला एक माणूस शिडीवर.

"अहो पाठारे, ती ठेवायचीय! सहा दिवस!" मी ओरडले.

त्यांनी वर बघून हात केला. "वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे. एक फांदी लोंबत ठेवली तर कसं दिसतं ते? उद्या ब्लॉकवाले येतायत."

कसं दिसतं! मी खाली पोचेपर्यंत दोन मिनिटं झाली होती. खाली काय होतं ते मी लिहिणार नाही. मी ते उचललं आणि माझ्या रुमालात ठेवलं, एवढं पुरे. लिफ्टची वाट न बघता उतरले असते, तर कदाचित फांदीला लोंबकळले असते, असं मी स्वतःला सांगते. पण खरं हे आहे की मी ओरडले, तेसुद्धा बेतानंच. सेक्रेटरी होते ना ते. पाण्याच्या टँकरसाठी उद्या त्यांनाच फोन करायचा होता. माझा स्वतःवरचा राग बाकी सगळ्यांवरच्या रागापेक्षा कमी नाही.

बाई चारच्या सुमारास आल्या. गेटमधून येताना मी त्यांना लांबूनच पाहिलं. छत्री काखेत, आणि हातात कागद उंच धरलेला. त्यांनी आणलंच होतं! त्या ऑफिसात चार तास बसून, पाखराचं चित्र काढून दाखवून, त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात शिक्क्यानिशी लिहून घेतलं होतं : "सदर फांदीस सात दिवस हात लावू नये."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. कागदाची नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मला एक शब्द बोलल्या नाहीत, आणि नंतर कधीही बोलल्या नाहीत, याचं मी काय करू?

त्यानंतरही बाई सव्वा वर्ष आमच्यात होत्या. मग गुडघ्यांमुळे मोहन्याला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथेच गेल्या. शेवटची भेट तशी तिथली. पण मला त्या दिसतात त्या त्याच दिवशीच्या, माझ्या बाल्कनीतून खाली पाहिलेल्या.

त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या आणि पाठाऱ्यांना घेऊन खाली आल्या. कसं आणलं कोण जाणे. ते घरच्या लेंग्यातच होते. भिंतीशी, करंजाच्या खांबाखाली, त्यांना उभं केलं.

"मयेकर मॅडम, जे झालं ते झालं, मी—"

"बोलू नका. वर बघा."

"कुठे? काही नाहीये तिथे."

"तेच. बघत राहा."

नाचण आली. चोचीत एक छोटा पतंग होता, पंख अजून हलत होते. जिथे फांदी होती तिथे, नुसत्या हवेत, ती थांबायला गेली, फडफडली, आणि खाली न बसता मागे फिरली. करंजाच्या कापलेल्या टोकावर टेकली. पतंग तसाच चोचीत. पुन्हा तिथेच गेली, पुन्हा परत आली. मग जोडीदार आला. त्याच्याही चोचीत काहीतरी होतं.

पाठाऱ्यांनी घसा खाकरला. "पाखरू आहे हो. थोड्या वेळानं विसरेल."

"हो ना," बाई म्हणाल्या. "मग विसरेपर्यंत थांबू आपण."

पाठारे हसले. बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळानं ते वळायला लागले, तेव्हा बाईंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली. जोरात नाही, पोराची धरतात तशी. त्यांनी सोडवून घेतली नाही. वरच्या खिडक्यांमधून लोक बघत होते, पार्किंग हवं होतं तेही.

सव्वाचार वाजता ते दोघं तिथे उभे राहिले होते. सात वाजता अंधारून आलं तरी ते तिथेच होते, आणि नाचण येतच होती.